एडिंबऱ्याचे पत्र : हर्णैला मराठी शिकलेला स्कॉट

"स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच की," असे नवी मुंबईतल्या दाराव्याची मामी दर फोनला म्हणते. मामी, तसे नाही. या देशाला स्वतःची गेलिक भाषा आहे. 2022च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे सत्तर हजार निघाले. आपल्या शहराच्या एखाद-दोन नोडमध्ये मावतील एवढेच. तरी इथल्या हेमार्केट स्टेशनच्या पाटीवर गेलिक नाव आहे.

दुसरा समज इथून आलेल्या पाद्र्यांविषयीचा. जॉन विल्सन म्हटले की आपल्याला चौपाटीवरचे कॉलेज आठवते, नाहीतर बाटवाबाटवी. 1839 साली पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून मुंबईत वादळ उठले, हे खरेच. पण लॉडर गावचा हा प्रेस्बिटेरियन माणूस 1829 साली मुंबईत उतरला आणि कोकणातल्या बाणकोट-हर्णैला जाऊन आधी मराठी शिकला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857च्या आवृत्तीला मराठीच्या घडणीवरचा लेख त्याचाच आहे. स्कॉटलंडचाच जॉन पेटन 1866 साली पॅसिफिकमधल्या अनिवा बेटावर गेला आणि तिथल्या मूठभर माणसांच्या भाषेत नवा करार करून 1899 साली छापून आणला. धर्म पसरवण्यासाठी का होईना, माणसे काय बोलतात ते त्यांनी बसून ऐकले.

माझ्या शेजारचे आजोबा लुइस बेटावरचे. गेलिक बोलली म्हणून त्यांच्या आईने शाळेत छडी खाल्ली होती. माझ्या टेबलावरचा मोल्सवर्थ चाळून त्यांनी विचारले, "तुझ्या गावची बोली यात आहे?" मी आजीचे आगरी शब्द सांगू लागलो. खलाटी, खाजण, उघाडी. चौथ्या शब्दाला अडलो. आजोबा वाट पाहत राहिले. मला फार लाज वाटली.

नवी मुंबई वसवायला सिडको 1970 साली आली, पंचाण्णव गावांची जमीन गेली. भरतीचे पाणी अडवणारी उघाडीच उरली नाही, तर तो शब्द नातवाच्या तोंडी कुठून येणार? गेलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के भूखंड तरी परत मिळाले, तेही आंदोलनात माणसे हुतात्मा झाल्यावर. शब्द परत द्यायला कुठलीही योजना येणार नाही. स्टेशनच्या पाटीवर सीवूड्सला जोडून दारावे आहे. पण त्या दाराव्यातली पोरे घरात आगरी बोलायला लाजतात, याचा मला इथे बसून संताप येतो.

हर्णैला कुणी जायला नको. आजी शेजारच्या खोलीत आहे. फोनचे रेकॉर्डिंग चालू करा आणि तिला मिठागराबद्दल विचारा. या रविवारीच विचारा.