साठवण-घटकांच्या दृढीकृत कंटेनर-प्रतिमा

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानात इन्फोसिस, विप्रो, टीसीएस इत्यादी कंपन्यांची मोठी केंद्रे आहेत. बँका, विमासंस्था व कारखाने यांच्या संगणक-प्रणाली सांभाळणे हे या व्यवसायाचे एक प्रमुख अंग होय. सांभाळावयाची माहिती बहुधा दुसऱ्याची असल्यामुळे ती जेथे साठविली जाते त्या घटकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

२०१३ साली डॉकर व २०१४ साली क्युबरनेटिस पुढे आल्यानंतर कार्यक्रम कंटेनरमध्ये चालविण्याची पद्धत रूढ झाली. कार्यक्रम आणि त्यास लागणारी ग्रंथालये व साधने यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा म्हणजे कंटेनर-प्रतिमा. सामान्य प्रतिमेत शेल, पॅकेज-व्यवस्थापक इत्यादी अनावश्यक वस्तूही राहतात, आणि आत शिरलेल्या आक्रमकास त्या आयत्याच सापडतात. त्या वगळून, कार्यक्रम मूळ-वापरकर्त्याच्या अधिकाराविना चालेल अशी योजना करून, घटकसूची व अंकीय स्वाक्षरीसह दिलेल्या प्रतिमेस दृढीकृत प्रतिमा म्हणता येईल.

साठवणीच्या बाबतीत ही योजना जितकी आवश्यक तितकीच अवघड आहे. क्युबरनेटिसमधील सीएसआय व्यवस्थेत साठवणीचे घटक स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार नियंत्रक-साहाय्यकांचा. नवा खंड निर्माण करण्याची विनंती पुढे पाठविणे एवढेच त्यांचे काम असल्याने त्यांना शेलची गरज नसते. दुसरा प्रकार प्रत्येक यंत्रावर चालणाऱ्या नोड-घटकाचा. त्यास खंड जोडण्यासाठी माउंट, फाइलप्रणाली घालण्यासाठी एमकेएफएस व तपासणीसाठी एफएसके ही साधने लागतात. त्याने केलेली जोडणी यजमान-यंत्रास दिसावी म्हणून त्यास विशेषाधिकारही द्यावा लागतो. वाड्यातील सर्व कोठारांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्या कारभाऱ्यासारखी त्याची स्थिती असते. तिसरा प्रकार प्रत्यक्ष माहिती राखणाऱ्या, उदाहरणार्थ सेफमधील ओएसडी, या घटकाचा होय.

सेफचे उदाहरण बोधप्रद आहे. सेज वाइल यांच्या सांताक्रूझ येथील संशोधनातून निर्माण झालेल्या या प्रणालीत ‘सेफ’ या वापरकर्त्याचा क्रमांक रेड हॅट परंपरेत १६७, तर डेबियन परंपरेत ६४०४५ असतो. एका परंपरेची प्रतिमा काढून दुसऱ्या परंपरेची दृढीकृत प्रतिमा बसविल्यास जुन्या फाइलींची मालकी जुळत नाही. मालकी बदलण्याची व्यवस्था नसल्यास घटकाला स्वतःचीच माहिती उघडता येत नाही. ती बदलावयाची तर त्यासाठी लागणारे चाऊन हे साधन नव्या प्रतिमेतून वगळले गेले नसावे. सुरक्षिततेसाठी केलेली काटछाट अशा रीतीने सेवाच बंद पाडू शकते.

दृढीकरणाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सर्व कंटेनर यजमानाचा कर्नल सामायिकपणे वापरतात. २०१९ साली रनसी या साधनात आढळलेल्या दोषामुळे दुष्ट कंटेनरास यजमानावर मूळ-अधिकार मिळविणे शक्य होत होते. नोड-घटकाची प्रतिमा कितीही लहान केली तरी त्याचा विशेषाधिकार कायम राहतो. म्हणून अधिकारांची मर्यादा व यजमानाची निगा यांची जागा प्रतिमा घेऊ शकत नाही.

घटकसूचीचे मोल मात्र निर्विवाद आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संपीडन-ग्रंथालयाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. ते ग्रंथालय कोणत्या प्रतिमेत आहे, याचे उत्तर सूची जवळ असणाऱ्यास तत्काळ देता येते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर-घटनेची सूचना ती लक्षात आल्यापासून ६ तासांत द्यावी लागते. त्या अवधीत शोधाशोध करीत बसणे परवडणारे नाही.

सारांश, साहाय्यक घटकांच्या प्रतिमा प्रथम बदलाव्यात, नोड-घटकाच्या त्यानंतर आणि माहिती राखणाऱ्या घटकाच्या सर्वांत शेवटी. प्रतिमा नावाने न घेता एसएचए-२५६ मुद्रेने निश्चित करावी. खंड निर्माण करणे, वाढविणे, त्याची क्षणप्रत घेऊन ती परत आणणे व यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे, या चारही कसोट्या चाचणी-क्लस्टरवर उतरल्यावाचून दुसऱ्याच्या माहितीस हात लावू नये.