बी पेशींचे साम्य आणि व्याधिक्षमत्व

२०२० च्या कोविड साथीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे औषध द्या’ ही मागणी सोलापुरातील आपणा सर्व वैद्यांच्या परिचयाची झाली आहे. परंतु व्याधिक्षमत्व म्हणजे केवळ वृद्धी नव्हे, तर साम्य होय. बी पेशींच्या उदाहरणावरून हे स्पष्ट करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या या पेशी अस्थिमज्जेत अखंड जन्म घेतात. तरीही निरोगी शरीरात त्यांची संख्या साधारणतः स्थिर राहते. याची मुख्य कारणे दोन. पहिले, परीक्षण. जी नवजात पेशी स्वशरीराच्याच घटकांना घट्ट चिकटते, तिला आपल्या ग्राहकाची रचना बदलण्याची संधी मिळते. ते न साधल्यास ती नष्ट वा निष्क्रिय होते. दुसरे, पोषणाची मर्यादा. रक्तात उतरलेल्या बी पेशींना जगण्यासाठी ‘बाफ’ नावाचे प्रथिन लागते. ते मोजकेच असल्याने जादा पेशी टिकत नाहीत. प्रयोगात ज्या उंदरांमध्ये बाफचे प्रमाण अतिशय वाढवले गेले, त्यांच्यात बी पेशी वाढल्या. पण त्यांबरोबर स्वशरीरावर उलटणाऱ्या पेशीही तगल्या आणि ल्यूपससदृश व्याधी उत्पन्न झाला. ल्यूपसमध्ये वापरले जाणारे बेलिमुमॅब हे औषध बाफलाच अडवते.

ही झाली अतिवृद्धी. क्षयाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मान्यता मिळाली. बी पेशींच्या काही कर्करोगांत, अन्य उपचारांना दाद न मिळाल्यास वा रोग उलटल्यास, रुग्णाच्याच टी पेशींत बदल करून त्यांना ‘सीडी-१९’ हे चिन्ह ओळखण्यास समर्थ केले जाते. हे चिन्ह निरोगी बी पेशींवरही असते. त्यामुळे कर्करोगाबरोबर त्याही नष्ट होतात. प्रतिपिंडे घटून जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि प्रसंगी ती शिरेवाटे द्यावी लागतात.

असा रुग्ण किंवा ल्यूपसचा रुग्ण उपचारानंतर गावी परततो, तेव्हा तो ‘शक्तीचे औषध’ मागण्यासाठी प्रथम आपल्याकडेच येतो. त्या वेळी पूर्वीच्या उपचारांचा वृत्तांत नीट घ्यावा. त्याच्या चिकित्सकांशी विचारविनिमय केल्याशिवाय रसायनयोग सुरू करू नये. ज्वर असल्यास त्याला सामान्य ज्वर न समजता त्वरित रुग्णालयात पाठवावे. वृद्धी आणि क्षय दोन्ही वैषम्यच, हे आपल्या शास्त्राचे सूत्र येथे शब्दशः लागू पडते.