चुंबकीय नॅनोकण : थोडक्यात

आकार : १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मॅग्नेटाइट या लोह-ऑक्साइडचे कण साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान झाले की चुंबक दूर नेताच चुंबकत्व सोडतात. एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्याचा धोका घटतो.

घडण : फेरिक व फेरस क्षार २:१ प्रमाणात, त्यात अमोनिया. द्रावण काळे पडते. चंचुपात्राला बाहेरून चुंबक लावला की काळा साका त्या बाजूला गोळा होतो.

एमआरआय : गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्यामुळे ऊतक सहसा उजळ दिसते, लोहकणांमुळे काळसर.

एमपीआय (चुंबकीय कण प्रतिमांकन) : ऊतकाचे नव्हे, थेट कणांचेच चित्र. तत्त्व २००५ मध्ये प्रसिद्ध.