बाळंतपणानंतर विलग झालेले पोटाचे स्नायू आणि शस्त्रक्रिया

पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना छातीपासून ओटीपोटापर्यंत जाणारे दोन उभे स्नायू असतात; त्यांना जोडणारी तंतुमय पट्टी, म्हणजे ‘लिनिया अल्बा’, गर्भारपणात ताणली जाऊन रुंदावते आणि हे अंतर साधारण २ सेंटिमीटरहून अधिक राहिल्यास त्या अवस्थेला ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. हा हर्निया नव्हे, कारण पट्टी सैलावली तरी तिला भोक पडलेले नसते. मात्र बेंबीचा हर्निया सोबत असू शकतो. बाळंतिणीचे पोट बांधण्याच्या प्रथेने आधार मिळतो, परंतु ताणलेली पट्टी त्यामुळे पूर्ववत होत नाही. बहुतेकींना काळ आणि योग्य व्यायाम यांनी पुरेसा आराम पडतो, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार प्रसूतीनंतर किमान सहा महिने ते वर्षभराने, तोही पुढे मूल नको असल्यास, करणे इष्ट. कारण नव्या गर्भारपणात दुरुस्ती पुन्हा ताणली जाऊ शकते.

शस्त्रक्रियेत स्नायू कापले जात नाहीत, तर सैल पट्टीला मजबूत टाक्यांनी चुणी घालून ते जवळ आणले जातात. लोंबती त्वचा काढायची असल्यास ओटीपोटावर आडवा छेद घेतात, अन्यथा दुर्बिणीतून छोट्या छेदांनीही हे साधते. त्यानंतर सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलणे वर्ज्य असते, आणि त्यात कडेवरचे मूलही आले.