साबणाच्या मदतीने चुंबक कसं बनवतात?

मोदकाला साचा लागतो, चकलीला सोऱ्या. पण केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान चुंबक बनवायचं असेल, तर एवढा बारीक साचा आणायचा कुठून?

रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी साबणासारख्या रेणूंची मदत घेतली. या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. भरपूर तेलात थोडं पाणी आणि हे रेणू योग्य प्रमाणात मिसळले, की पाण्याचे काही नॅनोमीटरचे थेंब तयार होतात. प्रत्येक थेंबाभोवती रेणूंचं कवच असतं. हाच 'मऊ साचा'. यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'सीटॅब'ची भावंडं तुमच्या केसांच्या कंडिशनरमध्येही सापडतात!

मग धातू कसा तयार होतो?

एका मिश्रणाच्या थेंबांत लोह आणि कोबाल्टचे क्षार विरघळवतात, दुसऱ्यात सोडियम बोरोहायड्राइड. दोन्ही एकत्र केल्यावर थेंब एकमेकांवर आदळतात, आतल्या द्रव्यांची देवाणघेवाण होते आणि थेंबातच मिश्रधातूचा कण घडतो. पाणी आणि साबणाचं प्रमाण बदललं, की बऱ्याचदा कणाचा आकारही बदलतो.

आकाराला एवढं महत्त्व का?

चुंबकीय कण फारच लहान झाला, तर खोलीतली साधी उष्णताही त्याची चुंबकीय दिशा उलटवू शकते. हार्ड डिस्कमधली माहिती याच दिशेवर टिकते. दिशा बदलली, की माहिती गेली!

म्हणून लोह-प्लॅटिनमकडे लक्ष गेलं. या मिश्रधातूचे अगदी छोटे कणही दिशा घट्ट धरून ठेवतात. २००० साली आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी त्याचे जवळपास एकसारखे नॅनोकण बनवून दाखवले. तिथे थेंबांचा साचा नव्हता, पण कणांभोवती साबणासारख्याच ओलेइक आम्लाचं आवरण होतं.

अडचण कुठे आली?

ताज्या कणांत अणूंची मांडणी विस्कळीत असते, त्यामुळे चुंबकत्व कमजोर. मांडणी नीट करायला ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. तेवढ्या उष्णतेत आवरण टिकत नाही आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. म्हणजे ज्या एकसारखेपणासाठी खटाटोप केला, तोच हातचा जातो.

आज नव्या हार्ड डिस्कमध्ये लोह-प्लॅटिनम आलं आहे, पण त्याचा थर वेगळ्या पद्धतीने, निर्वात कक्षात चढवला जातो. मऊ साचा कण घडवतो खरा, पण भट्टीत त्यांना सांभाळणं त्याला अजून अवघडच जातं.