दुसऱ्या फेरीचे दीर्घायुषी

1957 साली लुसिल बॉल आणि देसी आर्नाझ या नवरा-बायकोने 'आय लव्ह लुसी' या आपल्या मालिकेचे जुने भाग सीबीएस नेटवर्कला कित्येक लाख डॉलर्सना विकले. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची खरी कमाई त्यानंतर सुरू होऊ शकते, हे अमेरिकेच्या टीव्ही धंद्याला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं. हे भाग त्या दोघांच्या मालकीचे कसे, याची गोष्ट गमतीची आहे. 1951 साली टीव्हीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित व्हायचे. पडद्यावरच्या चित्राचं चित्रीकरण करून काढलेली धूसर नक्कल मग देशाच्या दुसऱ्या टोकाला पाहायला मिळे. या जोडप्याला लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून सिनेमाच्या फिल्मवरच कार्यक्रम चित्रित करायचं ठरवलं. खर्च वाढला. दोघांनी मानधन कमी घेतलं आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. सीबीएसने ती देऊनही टाकली, कारण दाखवून झालेल्या फिल्मला कोण विचारतंय!

पुढची साठ-सत्तर वर्षं तिलाच विचारणारे निघाले. सिंडिकेशन म्हणतात ते हेच: कार्यक्रम नेटवर्कला न देता गावोगावच्या टीव्ही केंद्रांना सुटा-सुटा विकायचा. आपल्याकडे हिंदी सिनेमाचे हक्क मुंबई, निजाम, सी.पी. बेरार अशा टेरिटऱ्या पाडून विकले जात, तसलाच हा प्रकार. अमेरिकेतलं बहुतेक प्रत्येक केंद्र स्वतंत्र मालकाचं. एनबीसी, सीबीएस, एबीसी त्याला दिवसाचे काही तास पुरवणार, बाकीचे तास भरायची जबाबदारी त्याची. कुठल्याही नेटवर्कशी न जोडलेल्या केंद्राला तर सगळा दिवसच भरायचा असे. पैसे रोख द्यायचे, किंवा जाहिरातीची काही मिनिटं विकणाऱ्याकडे सोडायची, किंवा दोन्ही.

याचा पहिला मोठा चमत्कार 'स्टार ट्रेक'. लुसी-देसींच्याच देसिलू स्टुडिओत सुरू झालेली ही मालिका एनबीसीने 1969 मध्ये, प्रेक्षक नाहीत म्हणून, 79 भागांवर बंद केली. मग कायझर ब्रॉडकास्टिंगच्या केंद्रांनी ती संध्याकाळी सहाच्या सुमारास लावली. इतर केंद्रांवर त्या वेळी बातम्या असत आणि तरुण पोरं बातम्या बघत नसत. नेटवर्कला जे जमलं नाही ते या साध्या हिशेबाने साधलं. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर आपण मिस्टर स्पॉकचे टोकदार कान पाहत होतो, तेव्हा अमेरिकेत ती मालिका बंद पडून दीड दशक उलटलं होतं. 1987 मध्ये 'नेक्स्ट जनरेशन' आली ती नेटवर्कचा उंबरठा न चढता, थेट केंद्रांना विकली जाऊन, आणि सात वर्षं चालली.

पण या धंद्याला खरं बळ दिलं ते सरकारी नियमाने. एफसीसी या नियामक आयोगाने 1970 मध्ये ठरवलं की मोठ्या 50 शहरांत नेटवर्कनी संध्याकाळच्या मुख्य चार तासांपैकी तीनच तास घ्यावेत, एक तास केंद्रांसाठी मोकळा सोडावा. वेस्टिंगहाउसच्या केंद्रांचे प्रमुख डोनाल्ड मॅकगॅनन यांनी यासाठी जोर लावला होता. हेतू उदात्त: स्थानिक कलाकारांना वाव मिळेल, गावाचे प्रश्न पडद्यावर येतील. मोकळा झालेला तास पूर्वेकडे साधारण सात ते आठचा. त्यात नेटवर्कच्या जुन्या मालिका लावण्यावरही या शहरांतल्या नेटवर्क-संलग्न केंद्रांना पुढे बंदी आली. स्थानिक नाटक बसवायला पैसा लागतो, तो कोण घालणार? केंद्रांनी सर्वांत स्वस्त माल उचलला, तो म्हणजे गेम शो. नियमाचा हेतू इतका सपशेल फसल्याची उदाहरणं थोडी असतील. त्याच सुमारास सीबीएसने ग्रामीण प्रेक्षक नकोत म्हणून 'ही हॉ' हा लोकसंगीत-विनोदाचा कार्यक्रम काढून टाकला होता. तो केंद्राकेंद्राला विकला जाऊन 1992 पर्यंत जगला. शहरी जाहिरातदारांना नकोसा झालेला प्रेक्षक कुठे गेला नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

मर्व्ह ग्रिफिन हा गायक, सूत्रसंचालक आणि पक्का धंदेवाईक माणूस. 'व्हील ऑफ फॉर्च्यून' त्याने 1975 मध्ये एनबीसीच्या दिवसाच्या वेळेसाठी काढला. 1983 च्या सप्टेंबरमध्ये त्याची संध्याकाळची आवृत्ती किंग वर्ल्ड या कंपनीने केंद्रांना विकायला काढली. ही कंपनी उभी राहिली होती 'लिटल रास्कल्स' या जुन्या बालपटांचे हक्क विकून. चाक फिरवायचं, अक्षरं मागायची, लपलेला वाक्प्रचार ओळखायचा. यात बुद्धी फार लागत नाही, आणि तीच त्याची ताकद. स्वयंपाकघरातून येता-जाता कोणीही उत्तर ओरडू शकतं. व्हॅना व्हाइट 1997 पर्यंत फळ्यावरची अक्षरं खरोखर हाताने फिरवत होत्या. मग पडदे आले आणि नुसता स्पर्श पुरू लागला. तरी त्यांची नोकरी टिकली, कारण प्रेक्षकांना अक्षरांइतक्याच त्या दिसायला हव्या होत्या.

'जेपर्डी!'ची जात वेगळी. पन्नाशीच्या दशकात स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवल्याचे घोटाळे उघड झाले आणि प्रश्नमंजूषा बदनाम झाल्या. मर्व्ह सांगायचा की विमानात त्याची बायको ज्युलॅन म्हणाली, आपण उघडच उत्तरं देऊ या. तिने म्हटलं 5,280, तो म्हणाला, 'एका मैलात किती फूट?' कार्यक्रम 1964 मध्ये एनबीसीवर सुरू झाला, 1975 मध्ये बंद पडला. 'व्हील'ला जोड हवी म्हणून 1984 च्या सप्टेंबरमध्ये तो केंद्रांसाठी पुन्हा उभा केला गेला आणि अॅलेक्स ट्रेबेक सूत्रसंचालक झाले. शेवटच्या प्रश्नाच्या वेळी वाजणारी 30 सेकंदांची धून मर्व्हने आधी आपल्या मुलासाठी अंगाई म्हणून रचली होती. तिच्या रॉयल्टीतून आपल्याला सात कोटी डॉलर्सच्या वर मिळाले असं तो सांगे.

चित्रीकरणाची पद्धत पाहिली की हा कारखाना कसा चालतो ते कळतं. दिवसाला पाच भाग. सोमवार ते शुक्रवारचा आठवडा एका दिवसात उरकतो. स्पर्धकांना जादा कपडे घेऊन यायला सांगतात, कारण जिंकलात तर तुमचा 'उद्या' थोड्याच वेळात सुरू होणार असतो. ट्रेबेकही मधल्या वेळात सूट बदलायचे आणि प्रसन्न चेहऱ्याने 'कालच्या' विजेत्याचं स्वागत करायचे. 2004 मध्ये केन जेनिंग्ज सलग 74 वेळा जिंकले. ट्रेबेक कर्करोगाने आजारी असतानाही काम करत राहिले. शेवटचं चित्रीकरण 29 ऑक्टोबर 2020 ला झालं, 8 नोव्हेंबरला ते गेले. आज त्यांच्या जागी जेनिंग्जच उभे असतात. माणसांची ही अदलाबदल प्रेक्षकांनी मानून घेतली, यात 36 वर्षांच्या सवयीचा वाटा मोठा.

दुपारचं साम्राज्य ओप्रा विन्फ्रीचं. 8 सप्टेंबर 1986 ते 25 मे 2011, भाग 4,561. शिकागोतल्या एका केंद्राचा सकाळचा कार्यक्रम सावरायला 1984 मध्ये आलेल्या या बाईने पुढे निर्मितीही स्वतःच्या हातात घेतली. कंपनीचं नाव हार्पो, म्हणजे ओप्रा उलटं. बऱ्याच शहरांत ती चार वाजता लागायची आणि पाचला स्थानिक बातम्या. केंद्राचं पोट मुख्यतः बातम्यांतल्या जाहिरातींवर. ओप्राचा प्रेक्षक उठला नाही तर पाचच्या बातम्या पहिल्या. तिच्या शब्दाचं वजन इतकं की 1996 मध्ये 'मॅड काउ' रोगावरच्या भागात आपण यापुढे बर्गर खाणार नाही असं ती बोलली आणि गुरांचे भाव उतरले. टेक्सासच्या गुरं पाळणाऱ्यांनी दावा लावला. 1998 च्या सुरुवातीला खटल्यासाठी तिने आपला कार्यक्रमच अमारिलोला हलवला, रात्री तिथून चित्रीकरण केलं आणि खटला जिंकली. बचावासाठी मदतीला घेतलेले मानसतज्ज्ञ फिल मॅक्ग्रॉ पुढे 'डॉक्टर फिल' म्हणून स्वतःच 21 वर्षं टीव्हीवर बसले.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'बेवॉच' एनबीसीने एका हंगामात बंद केली. सिंडिकेशनमध्ये ती जगभर गेली आणि स्टारवरून आपल्या बैठकीच्या खोल्यांतही आली. मोठी माणसं खोलीत आली की चॅनेल बदलणाऱ्या पिढीला अधिक सांगायला नको. 'जज ज्युडी' 1996 पासून 25 वर्षं चालली. पक्षकार खरे, पण कोर्ट हा सेट. निकाल लवादाचा आणि दंडाची रक्कम भरणार निर्माते. हरणाऱ्याच्या खिशाला चाट नाही, मग भांडायला का येऊ नये?

नेटवर्क मालिकांचं गणित वेगळं होतं. रोज एक या दराने दाखवायला 100 च्या आसपास भाग साठले पाहिजेत, म्हणून पाचव्या हंगामापर्यंत तोटा सोसत ताणण्याचा आटापिटा चाले. 'साइनफेल्ड'चे भाग 180. पण 2021 मध्ये तेही नेटफ्लिक्सवर गेले, आणि हवा तो भाग हवा तेव्हा मिळू लागल्यावर केंद्राने सहा वाजता लावलेल्या भागाची वाट कोण पाहणार? सात-आठचा सरकारी नियम 1996 मध्येच रद्द झाला होता. एलन डिजेनरेस, मॉरी पोविच आणि वेंडी विल्यम्स यांचे कार्यक्रम 2022 मध्ये संपले, 'डॉक्टर फिल' आणि 'पीपल्स कोर्ट' 2023 मध्ये. 'व्हील'चे सूत्रसंचालक पॅट सेजॅक 2024 मध्ये चाकामागून निवृत्त झाले, रायन सीक्रेस्ट आले.

'व्हील' आणि 'जेपर्डी!' टिकले आहेत, आणि माझ्या मते आणखी काही वर्षं टिकतील. नवा कार्यक्रम मात्र कोणी 40 वर्षं चालवून दाखवणार नाही. प्रेक्षक मिळेपर्यंत थांबायला स्थानिक केंद्राकडे पैसा उरलेला नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्या स्ट्रीमिंग कंपन्या दोन-तीन हंगामांतच मालिका गुंडाळतात.