चार किलोमीटरची गाडी

घरात पहिली गाडी येते ती वाजतगाजत. साताऱ्यात तर कंदी पेढ्यांचा पुडा गाडीच्या आधी दारात हजर असतो. बॉनेटवर स्वस्तिक काढलं जातं, चाकांखाली लिंबं ठेवली जातात आणि संध्याकाळी यवतेश्वरापर्यंत एक चक्कर होते. दुसऱ्या गाडीचं तसं नसतं. ती हौसेपोटी येत नाही, अडचणीपोटी येते. घरातलं एक माणूस पहिली गाडी घेऊन सकाळीच कामाला जातं आणि मागे राहिलेल्यांची शाळा, बँक, दवाखाना, मंडई तशीच उरते. त्यांना लांब जायचं नसतं. पण रोज जायचं असतं, आणि भर पावसातही जायचं असतं.

आमच्याकडे गेल्या वर्षी हीच वेळ आली. ह्यांची नोकरी कऱ्हाडला, त्यामुळे गाडी दिवसभर तिकडे. मी शाहूपुरीत राहते आणि पोवई नाक्याजवळच्या एका शाळेत शिकवते. अंतर जेमतेम चार किलोमीटर. वीस वर्षं स्कूटरवर काढली. आता गुडघे कुरकुर करतात, सासूबाईंना महिन्यातून दोनदा डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि जून ते सप्टेंबर सातारचा पाऊस रेनकोटला दाद देत नाही. एवढ्याशा प्रवासासाठी नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली घ्यायची ठरली. योगायोगाने सांगलीच्या आमच्या वन्संही त्याच सुमारास गाडी शोधत होत्या. त्यांचं घर गावभागात, नोकरी मिरजेत. म्हणजे एकेरी नऊ-दहा किलोमीटर. मग आम्ही दोघींनी मिळूनच शोध सुरू केला. एकीनं गाडी बघायची आणि दुसरीनं शंका काढायच्या!

या चार महिन्यांत माझ्या लक्षात आलं की जुनी गाडी बघताना आपण विचारतो ते प्रश्न फार जुन्या काळातले आहेत. वाहन मिळणं हेच भाग्य होतं, तेव्हाचे. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि इथली ‘प्रिया’ स्कूटर घरोघर दिसू लागली. तरीही नंबर लागायला वर्षं जायची, आणि नव्यासाठी ताटकळण्यापेक्षा जास्त पैसे मोजून वापरलेली स्कूटर घेणारेही होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत ती बनत राहिली. कितीतरी मध्यमवर्गीय घरांत ती पहिली गाडी म्हणून आली, आणि तीही दुसऱ्याच्या हातची. त्या एकाच गाडीनं रोजचं ऑफिस करायचं, दिवाळीला गावी न्यायचं आणि लग्नाची वरातही ओढायची! म्हणून प्रश्न ठरलेले: ॲव्हरेज किती देते? किती किलोमीटर झाली? आज दुसऱ्या गाडीचं काम वेगळं आहे, पण प्रश्न तेच राहिले आहेत.

ॲव्हरेजचा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा वहीत मांडला. रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे २००, वर्षाचे २,४००. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला वर्षाला १६० लिटर पेट्रोल लागेल. २० देणाऱ्या गाडीला १२०. फरक ४० लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचे ४,२०० रुपये, महिन्याला साडेतीनशे! चांगलं ॲव्हरेज देते म्हणून एखाद्या गाडीला साठ हजार जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला चौदा वर्षं लागतील. तोवर गाडी उरणार का, हा प्रश्नच. सीएनजीचंही तेच. ज्याचं रोजचं पळणं पन्नास-साठ किलोमीटर आहे त्याला तो फायद्याचा. चार किलोमीटरवाल्याने डिकीची जागा देऊन पंपावर रांग का लावावी?

दुसरी गोष्ट मला आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी समजावली. थोडं अंतर म्हणजे गाडीला कमी त्रास, असं आपण समजतो. प्रत्यक्षात उलट आहे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि ते पुरतं तापायच्या आत आपण शाळेच्या दारात पोचलेलो असतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. लांबच्या प्रवासात ती तापलेल्या सायलेन्सरमधून निघून जाते. छोट्या फेरीत आतच तिचं पाणी होतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. ओलावा इंजिन ऑइलमध्येही उतरतो. बॅटरी प्रत्येक स्टार्टरला खर्च होते आणि दहा मिनिटांत तिची भरपाई होत नाही. म्हणून अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर न जाता कॅलेंडर बघून बदलावं आणि आठवड्यातून एकदा तरी तिला महामार्गावर वीस-पंचवीस किलोमीटर पळवून आणावं.

डिझेल गाडी तर या कामाला घेऊच नये. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावावी लागते. घर ते नाका, नाका ते घर एवढंच केलं तर गाळणी चोंदते, आणि तिचा खर्च ऐकून डिझेलमध्ये वाचलेले पैसे विसरायला होतात. वापरलेली विजेची गाडी मात्र या अंतराला छान जुळते, कारण तिथे इंजिन तापण्याचा प्रश्नच नाही. घराच्या आवारात चार्जिंगची सोय हवी, आणि बॅटरीची उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे कागदावर बघून घ्यावं.

आता ‘किती किलोमीटर झाली?’ हा प्रश्न. आम्हाला एक गाडी दाखवली, दहा वर्षांत फक्त १८,००० किलोमीटर. मालक अभिमानानं सांगत होते, आणि खोटंही बोलत नव्हते. पण उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, बॅटरी बसते, ब्रेक धरून बसतात. टायरवर एक चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. त्या टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण बगलेला बारीक चिरा पडल्या होत्या. शिवाय आपल्याच उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. ते ओलावा ओढून घेतं, आणि फार जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असं नाही.

मग पैसे घालायचे कशावर? माझ्या मते सुरक्षिततेवर. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा आणि मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. चाकं न लॉक होऊ देणारे एबीएस ब्रेकही त्याच वर्षी एप्रिलपासून आले. म्हणून २०१९ च्या मध्यानंतरची गाडी बघायची, हे आम्ही पहिलंच बंधन घालून घेतलं. चार किलोमीटरसाठी कशाला एवढं, असं घरात म्हणून झालं. पण सकाळी दहा वाजता पोवई नाक्यावर ज्यानं गर्दी पाहिली आहे, त्याला हे सांगायला नको.

गाडी चालवून बघायची तीही आपल्या गावाच्या स्वभावाप्रमाणे. सातारा चढावर वसलेलं गाव. मी प्रत्येक गाडी समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या चढावर नेली. चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानानं पुढे सरकत नाही, तर क्लचप्लेट संपत आली असं समजावं. तिथेच थांबून हँडब्रेक ओढावा. गाडी मागे आली तर ती परत करावी. सांगली सपाट. तिथे क्लचला चढ नसतो, पण विश्रामबागच्या गर्दीतलं थांबत-थांबत चालणं असतं. वन्संना त्यासाठी गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी होती, आणि गुडघ्यांमुळे मलाही.

सांगलीची खरी परीक्षा मात्र पाण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातला वन्संचा तळमजला तेव्हा पाण्याखाली होता. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा पुरात घरांबरोबर गाड्याही बुडतात, आणि बुडालेली गाडी भंगारातच जाते असं नाही. धुऊन-पुसून ती दुसऱ्या गावी विकायला उभी राहते.

तशीच एक आम्हाला महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडे भेटली. रंग झकास, सीटकव्हर कोरी करकरीत, किंमत बाजारभावापेक्षा सत्तर हजारांनी कमी. मी मनातल्या मनात हिशेब करू लागले होते. वन्सं आत बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, गाडीत एवढा सेंट कशाला मारलाय?’’ मग त्यांनी सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढला. एरवी गुंडाळलेलाच राहणाऱ्या त्या टोकाला तपकिरी रेघ होती. सीटखालचे बोल्ट गंजलेले. स्टेपनी काढून खालचं अस्तर उचललं, तर कोपऱ्यात पिठासारखा वाळलेला गाळ. वन्संनी तो चिमटीत चोळला. ‘‘हा मी पंधरा दिवस घरातनं खरवडलाय. ओळखते मी ह्याला.’’

विक्रेता म्हणाला, पाणी फक्त चाकांपर्यंत होतं. मग म्हणाला, तुम्ही नाही घेतली तर दुसरं कुणी घेईल. दुसरं वाक्य खरं होतं, आणि तेच मला घरी येईपर्यंत छळत राहिलं. पाण्यात राहिलेल्या गाडीत वायरींचे जोड आतून गंजतात. आज सगळं चालतं. सहा महिन्यांनी एखादा दिवा जातो, मग ब्रेकचा सेन्सर, आणि एअरबॅग ज्या क्षणी उघडायची त्याच क्षणी उघडत नाही. वन्संचं म्हणणं मात्र मला पटलं. त्या म्हणाल्या, ज्याची गाडी बुडाली त्यानं विकू नये असं मी म्हणणार नाही, त्याचं तर सगळंच गेलं असेल. पण बुडाली होती हे सांगून विकावी. आणि एमएच-१० पासिंग दिसलं की नाक मुरडायचं, हेही चूक. पूर काही नंबरप्लेट बघून येत नाही. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधली जुनी नोंद काढावी, विम्याचा मोठा क्लेम झाला होता का ते विचारावं, आणि सीटबेल्ट ओढावा. एवढं कुठल्याही गाडीला करावं.

शेवटचा मुद्दा कागदांचा. विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि घेणाऱ्यानं फॉर्म ३०. कायद्याप्रमाणे एकाच राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. बाकी राहिलेली चलनं आधी भरून घ्यावीत. विमा आपल्या नावावर करावा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. ‘करू नंतर’ म्हणणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ हा निकाल सांगण्याजोगा आहे. २००७ मध्ये विकलेली मोटार पुढे अनेक हातांतून गेली, २००९ मध्ये तिच्या अपघातात जीव गेला. आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं होतं, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

अखेर मला २०२० सालची, दोन एअरबॅगची, आपोआप गिअर बदलणारी पेट्रोलची वॅगन-आर मिळाली. ३८,००० किलोमीटर झालेली, म्हणजे नियमित चाललेली. वन्संनीही तशीच घेतली, मिरजेतल्या एका परिचारिकेकडून, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्यांसकट.

माझी स्कूटर एका माजी विद्यार्थ्यानं घेतली. तिचा पुढचा ब्रेक कमी लागतो आणि थंडीत ती पहिल्या बटणाला सुरू होत नाही, हे मी त्याला आधीच सांगितलं. त्यानं लगेच पाचशे रुपये कमी करून मागितले, मी दिले. फॉर्म २९ वर सही करून त्याच आठवड्यात आम्ही दोघं आरटीओत जाऊन आलो.